सोफ्यात शिवलेली यादी

सोफे-खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या काकांना अख्खी गल्ली यादीकाका म्हणायची. दुकान उघडलं की ते आधी दिवसाच्या कामांची यादी करत, मग ती महत्त्वाप्रमाणे लावत. निळी खूण म्हणजे घाईचं, लाल म्हणजे फार घाईचं, आणि दोन्ही खुणा म्हणजे उशीर झालेलाच आहे. हे सगळं सुबक अक्षरात उतरेपर्यंत जेवायची वेळ होई. जेवल्यावर डोळा लागे.

"अहो, तेवढ्या वेळात कामंच उरकली असती," काकू म्हणत.

"तुला नियोजन कळत नाही," असं म्हणून काका यादीत आणखी एक काम घालत : बायकोला नियोजन समजावणे.

एका गुरुवारी त्रेपन्न कामांची ती यादी सापडेना. काकांनी दुकान पालथं घातलं, फोमचे तुकडे उपसले, काकूंच्या पिशवीवर संशय घेतला आणि त्यापायी बोलणी खाल्ली.

"आता मी करू काय?"

"आठवतंय ते करा."

आठवली चारच. ती दुपारपर्यंत झालीसुद्धा. उरलेला दिवस काका चोरी झाल्यासारखे बसून होते.

शनिवारी निवृत्त मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. त्यांचा सोफा काकांनी बुधवारीच पोचवला होता.

"तुमचा सोफा बोलतो."

"म्हणजे?"

"बसलं की कुरकुरतो. ताबडतोब या."

काका पोचले तर बाईंनी शिवण स्वतःच उसवलेली, आणि टेबलावर यादी, इस्त्री केल्यासारखी सपाट.

"एकेचाळिसावं वाचा. मोठ्याने."

काकांनी घसा खाकरला. "बाईंचा सोफा. तिसऱ्यांदा ओरडल्या की घेणे."

"मी किती वेळा ओरडले?"

"दोनदा, बाई. तिसरी वेळ यायच्या आधीच दिला."

बाईंना हसू आलं, पण ते त्यांनी गिळलं. काकांना समोर बसवून त्यांनी लाल पेन उघडलं.

"'मेहुणा रागावलाय का ते बघणे.' हे काम आहे?"

"नाही... काळजी आहे."

बाईंनी काट मारली. "'दाभणांना धार लावणे' सहा वेळा लिहिलंय."

"महत्त्वाचं आहे म्हणून."

"मग एकदाही का नाही केलंत?"

बायकोला नियोजन समजावण्यावर बाईंनी दोन काटा मारल्या. पाऊण तासात त्रेपन्नातली अकरा शिल्लक राहिली.

"यातलं सगळ्यांत नकोसं कुठलं?"

काकांना विचारच करावा लागला नाही. "दवाखान्यातली बाकं. दोन महिने झाले. तिथल्या व्यवस्थापकांसमोर जायला तोंड नाही."

"उद्या उठल्यावर पहिलं तेच. यादी करायच्याही आधी."

रविवारी दवाखाना बंद असतो, ही सबब काकांच्या ओठांवर आली होती, पण बाईंचं पेन अजून उघडं होतं. "सोमवारी जातो," एवढंच ते म्हणाले.

सोमवारी ते दवाखान्याच्या दारात उभे राहिले, तर व्यवस्थापक त्यांना बघून चक्क औषधांच्या खोलीत शिरले. काका मागोमाग गेले.

"साहेब, माफ करा, मला उशीर—"

"तुम्ही कसली माफी मागताय! कापडाचा रंग मी कळवणार होतो ना? विसरलो, आणि मग तुम्हाला फोन करायची लाज वाटायला लागली."

दोन महिने दोघं एकमेकांना चुकवत रस्ते बदलत होते! दोघांनी तिथेच रंग ठरवला, आणि आठ दिवसांत बाकं तयार झाली.

त्यानंतर काकांनी नेम केला : दिवसाला पाचच कामं, आणि पहिलं सर्वांत नकोसं. पाचही उरकून एका संध्याकाळी ते मोठ्या ऐटीत दुकानाबाहेर उभे होते. तेवढ्यात काकू घरातली पाय मोडलेली खुर्ची डोक्यावर घेऊन आल्या आणि त्यांच्यासमोर ठेवत म्हणाल्या, "हे सहावं."