हद्दीच्या आतला उतार

गल्लीत त्यांना सगळे टेपकाका म्हणत. रस्त्याकडेला कुणाला काही बांधायचं असलं की टेपकाका येऊन हद्द मोजत, आणि त्यांच्या अहवालावर कचेरीतून परवानगी मिळे किंवा नाकारली जाई. समोरच्या शिंप्याच्या दुकानाच्या पायऱ्या त्यांच्याच अहवालामुळे तुटल्या होत्या.

मग काकूंना अर्धांगवायू झाला आणि चाकाची खुर्ची आली. घराचं दार थेट रस्त्यावर, मध्ये उंच पायऱ्या. खुर्ची उतरवायला दोन माणसं लागत. दर वेळी कुणाच्या विनवण्या करायच्या? काकूंनी बाहेर जाणंच सोडलं.

"भाजीवालीसुद्धा हाक मारत नाही आता," खिडकीतून बघत त्या म्हणाल्या. "गेले असं वाटलं असेल तिला."

पायऱ्यांच्या जागी उतार करायचं ठरलं. काकांनी टेप लावली आणि त्यांचं तोंड उतरलं. खुर्ची चढेल इतका लांब उतार रस्त्यात जात होता. तरी अर्ज केला. त्यांच्या साहेबबाई वयानं लेकीएवढ्या. म्हणाल्या, "मोजायला तुमच्याशिवाय आहे कोण, काका? तुम्ही लिहा, मी सही करते."

काका बराच वेळ पेन धरून बसले. शेवटी खरं तेच लिहिलं. अर्ज नामंजूर झाला.

शिंपी म्हणाला, "सुट्टीच्या दिवशी उतार बांधून टाकू की गुपचूप! तक्रार कोण करणार?"

"तू."

"मी तर पहिला!" शिंपी खो खो हसला. काकांना हसू आलं नाही.

घरी काकूंनी एवढंच विचारलं, "लोकांना नाही म्हणालात ते ठीक. मलापण?"

त्यानंतर त्या बोलेनाशा झाल्या. काका कामावरून येत, चहा करून देत, आणि दोघं एकाच खोलीत भिंतीकडे तोंड करून बसत. त्या बाहेर पडू शकत नव्हत्या. काका बाहेर जाऊन येत, पण सुटका त्यांचीही नव्हती.

एके सकाळी त्यांनी गवंड्याला बोलावलं. "उतार आत घे. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत."

"अहो, जोतं फोडावं लागेल. बसायची खोलीच जाईल!"

"जाऊ दे. घर माझं आहे."

खोली गेली. पलंग स्वयंपाकघरात आला, खुर्च्या लेकीकडे गेल्या. काम पुरं झालं त्या दिवशी काका चाकाची खुर्ची धरून काकूंना हळूहळू रस्त्यावर घेऊन आले. काकू म्हणाल्या, "सोडा आता." एका हातानं चाक ढकलत, वाकड्यातिकड्या जात त्या भाजीवालीपाशी पोचल्या.

आता त्या रोज बाहेर असतात. घरी मात्र कुणी येत नाही. आलंच तर बसवायचं कुठे? बोलणं पुन्हा सुरू झालंय. तरी मध्येच कधीतरी काकू म्हणतात, "अहवालात एकच शब्द खोटा लिहायचा होता तुम्हाला." काका उठून चहा ठेवतात.