हौदाची किल्ली

तारापूरजवळच्या सरावलीत भंगाराच्या दुकानांच्या ओळीसमोर पत्र्याचं एक प्रार्थनाघर आहे. त्याच्या दाराशी निळं पिंप उभं असतं, काठोकाठ भरलेलं. त्याला कुलूप नाही. ते भरणारी सुगंधाबाई आता साठीच्या पुढे गेली, पण कमरेवर कळशी घेऊन येते ती जुन्या नाटकातली राणी विंगेतून यावी तशी. वाट आपोआप मोकळी होते. या बाईने एकदा पाण्याला कुलूप घातलं होतं, असं सांगितलं तर आज कुणाला खरं वाटायचं नाही.

सुगंधाबाई जालन्याकडची, ख्रिस्ती घरातली. नवरा नागोराव तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ॲसिडच्या कामावर लागला आणि कोरड्या मुलखातला हा संसार समुद्राकाठी आला. नागोरावही ख्रिस्ती घरातलाच, पण त्याचा बाप्तिस्मा राहून गेला होता. त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बाप्तिस्मा घ्यायचा तो मोठेपणी, स्वतःच्या मनाने, पाण्यात पूर्ण बुडून. आणि नागोरावला पाण्याचं भय. एकदा त्याला पांढरे कपडे घालून जवळच्याच माहीम गावच्या किनाऱ्यावर नेलं. पहिली लाट गुडघ्याला लागली तसा गडी मागे फिरला आणि सुरूच्या झाडाखाली शेंगदाणे खात बसला. पुढल्या वेळी त्याला ताप भरला. त्याच्या पुढल्या वेळी जालन्याला कुणाचं तरी लग्न निघालं. तुझ्या नवऱ्याला देव हवा, पण कोरडा, असं मंडळीतल्या बाया म्हणायच्या. सुगंधाबाई हसायची. रात्री उशीला डोकं टेकलं की मात्र हसू यायचं नाही.

शेवटी मंडळीचे धर्मगुरू असलेल्या पाळकसाहेबांनी प्रार्थनाघराची फरशी फोडून छातीएवढा हौद बांधून घेतला. त्या उन्हाळ्यात सगळी वस्ती टँकरवर होती. तरी प्रत्येक घराने आपल्या वाट्यातलं पाणी कळशी-कळशीने आणून ओतलं. हौद भरला. सुगंधाबाईने वर फळ्या टाकल्या, कुलूप घातलं आणि किल्ली पदराच्या गाठीत बांधली. येत्या रविवारच्या बाप्तिस्म्याला नागोराव या वेळी हो म्हणाला होता. पण त्याचं हो म्हणजे उन्हात ठेवलेला बर्फ. हा रविवार हुकला तर पुन्हा काही जमत नाही, हे ती पक्कं जाणून होती.

रविवार उजाडला. उपासनेला अजून अवकाश होता. ती सतरंज्या अंथरत होती आणि नागोराव पांढरा सदरा घालून दारात बसला होता, शाळेत पाठवलेल्या पोरासारखा. तेवढ्यात समोरून किंकाळी आली.

भंगाराच्या दुकानात मनीष नावाचा बिहारकडचा तरुण जुने कॅन कापायचा. त्यातला एक रिकामा समजलेला कॅन रिकामा नव्हता. ॲसिड तोंडावर, मानेवर, छातीवर उडालं. तो हात पुढे करून, काही न दिसता रस्त्यावर आला. दुकानाच्या नळाला पाणी नव्हतं. कुणी हळद आणायला सांगत होतं, कुणी खोबरेल. मालक रिक्षाला हाका मारत होता. नागोरावने मनीषला दंडाला धरून थेट प्रार्थनाघरात आणलं, दाराशी बसवलं आणि त्याचा शर्ट कात्रीने कापून काढला. नागोरावच्या स्वतःच्या मनगटावर जुना पांढरट व्रण होता. असल्या वेळी काय करायचं ते त्याला त्या व्रणाने शिकवलं होतं.

"किल्ली दे," तो म्हणाला. "रिक्षा मागून. आधी पाणी."

सुगंधाबाईचा हात पदराकडे गेला आणि थबकला. ताप झाला, लग्न झालं, आता हे. हा माणूस सुटायला वाट शोधतोय.

"मोरीत बादली भरलेली आहे, ती घ्या."

"एका बादलीनं भागत नाही. धार तुटू द्यायची नसती. हौद लागंल."

"आणि तुमचं हो? तुमचा बाप्तिस्मा?"

 मी काय पळून चाललोय का, असं म्हणायची नागोरावला सोय नव्हती.

मनीष फरशीवर चाचपडत होता. "चाची, आँख नहीं खुल रही," एवढंच तो पुन्हापुन्हा म्हणत होता. सातपाटीहून मासळी घेऊन येणारी काशीबाई पाटी खाली ठेवून दारात उभी होती. ती सुगंधाबाईला म्हणाली, "गे बाय, पानी हाय ना तुज्याकडं? मंग कुलूप कोनासाठी ठेवलंस?"

सुगंधाबाई दरवर्षी मंडळीतल्या पोरांना बायबलातली, रस्त्यात जखमी होऊन पडलेल्या माणसाची गोष्ट सांगायची. सगळी सोंगं एकटीच वठवायची. बाजूने निघून जाणारा धर्मगुरू करताना ती हनुवटी वर उचलून आभाळाकडे बघत तुरुतुरु चालायची, आणि पोरं हसून लोळायची. आता तिच्या ध्यानात आलं की आपली हनुवटी वर आहे. मनीषकडे बघावं लागू नये म्हणून आपण कधीचे छपराचे पत्रे बघतोय.

गाठ बोटांनी सुटेना. तिने ती दातांनी सोडली.

मग बादल्या सुरू झाल्या. काशीबाई भरून देई, सुगंधाबाई मनीषच्या पापण्या बोटांनी उघड्या धरी आणि नागोराव ओती. पाणी फरशीवरून वाहत गटारात जात होतं. कुणाकुणाच्या घरची कळशी होती ती. हौदातलं पाणी कमरेएवढं उरलं तेव्हा काशीबाईचा हात पुरेना. नागोरावने बादली काशीबाईच्या हातात दिली आणि सदऱ्यासकट तो आत उतरला. सुगंधाबाईने ते पाहिलं. तळ दिसेपर्यंत धार तुटली नाही. मग नागोराव वर आला आणि ओल्या अंगाने मनीषला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला.

माणसं जमली. पाळकसाहेबांनी कोरडा हौद पाहिला, सगळं ऐकून घेतलं आणि स्वतः केरसुणी घेऊन फरशीवरचं पाणी लोटलं. बाप्तिस्म्याचं पावसाळ्यानंतर बघू, म्हणाले. उपासना सुरू झाली. सुगंधाबाई डोळे मिटून बसली, पण कान रस्त्याकडे. तिने दोन गोष्टी मागितल्या. एक मनीषच्या डोळ्यांसाठी. दुसरी मागताना तिची तिलाच लाज वाटली.

शेवटचं गीत चालू असताना नागोराव आला. सदरा अंगावरच वाळत होता.

"एक डोळा वाचला," तो म्हणाला. "दुसऱ्याचं उद्या-परवा कळंल. डॉक्टर म्हणले, पाणी मिळालं म्हणून."

पाळकसाहेबांनी त्याला पावसाळ्यानंतरचं सांगितलं. सुगंधाबाई त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. सुटल्याची खूण तिला ओळखू येत असे. ती दिसेना. नागोराव बराच वेळ हौदाच्या तळाकडे बघत होता. मग दारात मासळी विकत बसलेल्या काशीबाईकडे वळून त्याने विचारलं, माहीमला भरती कधी?

"आता लागंल भरती," काशीबाई म्हणाली. "तू जातंस? मंग शेंगदाने घेऊन जा हो."

सगळे हसले. नागोराव हसला नाही. तो रिक्षा बघायला गेला.

दुपारच्या उन्हात किनारा पांढरा दिसत होता. पाळकसाहेब पाण्यात पुढे गेले. नागोराव त्यांच्या मागे. पहिली लाट गुडघ्याला लागली आणि तो उभा राहिला. दुसरी लाट मांडीपर्यंत आली. मंडळीचं गाणं अडखळलं. नागोराव मागे वळला.

सुगंधाबाईने डोळे मिटून घेतले.

"अगं, तिथं काय उभी राहिलीस," तो म्हणाला. "ये की. हात धर."

ती लुगड्यासकट पाण्यात शिरली.