बाल्कनीतला लाल गमछा

विनीताच्या घाबरटपणाचे किस्से माहेरी आणि सासरी सारख्याच चवीने सांगितले जायचे. मुलगी तेजस्विनी हिला कॉलेजातून यायला जरा उशीर झाला, की ही गॅस बंद करून पायात चपला चढवून दारात उभी. कुठे जायचं ते ठाऊक नाही, पण तयार. "आमच्या विनूला देवाने हृदयाच्या जागी गजराचं घड्याळ बसवलंय," असं तिचे वडीलच म्हणायचे. त्याच वडिलांचं शेवटचं दुखणं घरी काढायचं ठरलं आणि ते तिच्या गळ्यात आलं. नवरा बँकेच्या कामाने निम्मा महिना सिलिगुडीला, थोरला भाऊ अनीश पुण्यात. राहिली ही.

वडील दिगंबरराव यांनी सारी नोकरी सातारच्या एसटी आगारात काढली. वाहतूक नियंत्रक होते. बायको गेल्यावर ते लेकीकडे आले, आणि जावयाच्या बदलीबरोबर कोलकात्याला, बेहालातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पोचले. यकृताचा कॅन्सर कळला तेव्हा उपचारांची वेळ निघून गेली होती. इस्पितळातून दुसऱ्यांदा घरी आल्यावर त्यांनी लेकीला जवळ बसवलं.

"विनू, आता मला इथून हलवायचं नाही. त्या नळ्या नकोत, तुम्हाला काचेतून बघणं नको. माझी गाडी याच फलाटावरून सुटणार. शब्द दे."

तिने दिला.

मग घरी येऊन रुग्णसेवा करणाऱ्या संस्थेच्या सुमन सिस्टर येऊ लागल्या. कूस कशी बदलायची, ओठ कापसाने कसे ओले ठेवायचे, वेदनेचं औषध कातडीखालच्या बारीक सुईतून कसं द्यायचं, हे त्यांनी विनीताकडून करून घेतलं. पहिल्यांदा सिस्टरांना तिचा हात धरावा लागला. आठवडाभराने धरावा लागेना. शेवटी शेवटी घशात घरघर सुरू होईल, हेही त्यांनी आधीच सांगून ठेवलं. ऐकणाऱ्याला ती सहन होत नाही, पण आजाऱ्याला तितका त्रास जाणवत नसतो, तेव्हा घाबरून इस्पितळाकडे पळायचं नाही, मला फोन करायचा, असं बजावलं. दिवसा मदतीला आया पुरवणाऱ्या सेंटरमधून शेफाली येत होती. ती धिप्पाड होती, जीभही तशीच. दिगंबरराव मराठीत कुरकुरले की ती बंगालीत कुरकुरायची आणि दोघांचं छान चालायचं.

पण विनीताने शब्द दिला तरी स्वभाव कुठे जाणार? तिने गुपचूप एक पळवाट ठेवली होती. समोरच गल्लीतला क्लब होता. कॅरम, दुर्गापूजा आणि क्लबची स्वतःची एक ॲम्ब्युलन्स, हा त्याचा संसार. सेक्रेटरी निमाईबाबूंना गाठून तिने सांगितलं होतं, की घाबरले की मला फोनमधला नंबरसुद्धा सापडत नाही, तेव्हा बाल्कनीत लाल कापड दिसलं की गाडी घेऊन या. निमाईबाबूंनी गंभीरपणे मान डोलावली होती. नंतर बाकीच्या काळज्यांच्या गर्दीत हे ती साफ विसरली.

एका रविवारी दुपारी ती घरघर सुरू झाली. विनीताने सिस्टरांना फोन लावला. त्या गार्डन रीचला दुसऱ्या पेशंटकडे होत्या, निघतेच म्हणाल्या. तोवर कुशीवर वळवा, उशी थोडी उंच करा. ती उशी लावत होती तेवढ्यात अनीशचा नेहमीचा व्हिडिओ कॉल आला.

"विनू, हा कसला आवाज? बाबा गुदमरतायत! तू बघत काय बसलीयस? ताबडतोब ॲडमिट कर."

आणि दाराची बेल वाजली. तेजस्विनीने दार उघडलं, तर निमाईबाबू घामाघूम उभे. मागे दोन माणसं, त्यांच्या हातात स्ट्रेचर.

यांना कुणी बोलावलं, हे विनीताला कळेना. तिची सगळी भीतीच जणू तीन जिने चढून दारात आली होती, आणि तिला फक्त बाजूला सरायचं होतं. भावाचा शब्द राहिला असता. गावात कुणी नावं ठेवली नसती. तिचे पाय सरकलेही असते.

"आई," तेजस्विनी म्हणाली. कोलकात्यातल्या शाळेत शिकलेल्या मुलीचं मराठी घाईत नेहमी अडखळायचं. "आजोबा नाही बोलले होते ना? तू हो बोललीस. मी होते तिथे."

विनीता वळून परत वडिलांच्या उशाशी गेली. मग तिने फोन तोंडासमोर धरला.

"दादा, मी त्यांना शब्द दिलाय. ते कुठेही जाणार नाहीत. तुला काही सांगायचं असेल तर फोन त्यांच्या कानाशी धरते, बोल त्यांच्याशी. मला रागवायचं असेल तर ते उद्या."

मग अनीश म्हणाला, "धर."

फोन तेजस्विनीकडे देऊन ती दाराशी आली. हिंदीत माफी मागितली, आम्ही नेणार नाही म्हणाली. निमाईबाबू गोंधळले. पण बौदी, अहो वहिनी, तुम्हीच तर बोलावलंत, म्हणत त्यांनी बाल्कनीकडे बोट केलं. तिथे शेफालीचा गमछा, म्हणजे अंग पुसायचा बंगाली पंचा, वाळत होता. लालभडक. एरवी ती तो न्हाणीघरात टाकायची. आज तिथल्या दोऱ्यांवर चादरी होत्या.

आमच्याकडे पंचा पांढरा असतो हो, एवढंच विनीताला सुचलं. शेफालीने खोलीतूनच ऐकवलं, की लाल गमछा तर इथे घरोघरी वाळतो, तो बघून गाडी येणार असेल तर आज अख्खं बेहाला भरती करावं लागेल. निमाईबाबूंना हसू आवरलं नाही. विनीताही हसली, आणि हसता हसता डोळे पुसायला तिने बाल्कनीत जाऊन तोच गमछा ओढून घेतला.

निमाईबाबूंनी माणसांना स्ट्रेचरसकट खाली पाठवलं, स्वतः मात्र चपला काढून आत आले. चादरीचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं शेफालीने, आणि दिगंबररावांना हलक्या हाताने नीट कुशीवर वळवलं. घरघर किंचित उतरली. जाताना त्यांनी विचारलं, मग आता खूण कोणती ठेवायची?

"खूण नको," ती म्हणाली. "काम पडलं तर मी स्वतः येऊन सांगेन."

सिस्टर आल्या, औषध देऊन, आता फार वेळ नाही असं सांगून गेल्या. संध्याकाळच्या गाडीने नवरा सिलिगुडीहून निघाला. रात्रभर विनीता कापूस ओला करत राहिली आणि वडिलांना सातारहून सुटणाऱ्या गाड्यांची नावं सांगत राहिली, कोरेगाव, वाई, महाबळेश्वर, आठवतील तशी.

सकाळी गल्लीत मासेवाल्याची आरोळी उठली तेव्हा तिचा तळवा वडिलांच्या छातीवर होता. एक श्वास आला, पुढचा आला नाही. ती तशीच बसून राहिली. कुणाला हाक मारायची घाई तिने केली नाही. मग तेजस्विनीला उठवलं. नातीने तोंडात गंगाजल घातलं, ओठांवर तुळशीचं पान ठेवलं. विनीताने अनीशला फोन लावला. नंबर लगेच सापडला.

मग तिने पायात चपला घातल्या, तीन जिने उतरली आणि रस्ता ओलांडला. क्लबच्या पायरीवर निमाईबाबू चहा पीत होते. तिला बघून ते चहाचा पेला खाली ठेवून उठले.

"बाबा गेले," ती म्हणाली. "घरीच."