सगळ्यांनी ढवळलेलं पुडिंग

कलकत्त्यातल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या इंग्रज बाई बजबज गावातल्या ताग गिरणीच्या आवारात, मोजक्या इंग्रज घरांत वाढलेल्या. हिंदी बोलताना त्या वाक्याच्या शेवटी "समझा?" विचारत आणि उत्तराची वाट पाहत. स्वातंत्र्यानंतर त्यांचे सगळे नातलग विलायतेला गेले. त्याही जातील आणि त्यांच्या खोल्या आपल्याला मिळतील, अशी आशा मी मनात बाळगून होतो.

नाताळाआधी त्या मोठं पातेलं घेऊन आमच्या दारात आल्या. लहानपणी त्यांच्याकडे घरातला प्रत्येक जण पुडिंग ढवळून मनात काहीतरी मागत असे. एकटीने ढवळलेलं पुडिंग नाताळचं मानायला त्या तयार नव्हत्या.

"चरबी नाही, तूप घातलंय. अंडंही नाही. समझा?"

सोवळं पाळणाऱ्या माझ्या आईने पदर खोचला. "आणा इकडे. एकट्याच ढवळत बसणार होतात की काय?"

मग तिने जिन्यातूनच बंगाली शेजाऱ्यांना हाका मारल्या. पातेलं घराघरांतून फिरत पार गच्चीपर्यंत गेलं.

"बजबजलासुद्धा एवढे हात लागले नव्हते," बाई ताठ मानेने म्हणाल्या आणि त्यांनी डाव माझ्या हातात दिला. "मागा."

त्या इथेच राहोत, एवढंच मी मागितलं, आणि अगदी मनापासून.