आधी नाव विचारा

“नाव?” असं विचारून बाई हातातला ट्रे तसाच धरून उभ्या राहायच्या. उत्तर आल्याशिवाय ट्रे पुढे सरकायचा नाही. ट्रेमध्ये फक्त लिमलेटच्या गोळ्या असायच्या. तास संपला की प्रत्येक मुलीला एक.

“मॅडम, मी आहे ना. दोन वर्षं ओळखता मला.”

“मी ओळखते. गोळी ओळखत नाही.”

डोंबिवलीतल्या त्या नर्सिंग कॉलेजात बाई औषधशास्त्र शिकवायच्या आणि मी इंग्रजी. सरकारी हॉस्पिटलातून निवृत्त होऊन त्या कंत्राटावर आलेल्या. नाव विचारल्याशिवाय औषध द्यायचं नाही, हा त्यांचा पहिला धडा. कित्येक मुलींच्या मते तोच शेवटचाही.

ही सवय वर्गापुरती राहिली नव्हती. कॅन्टीनच्या काकांनी चहा ठेवला की बाई विचारायच्या, “कोणाचा? साखरेचा की बिनसाखरेचा? केला कधी?”

एकदा काका वैतागले. “बाई, चहा आहे तो. विष नाही.”

“डोस वाढला की सगळंच विष, काका. तुमचा चहा तर दुसऱ्या कपालाच.”

त्यांचा तास मी व्हरांड्यातून ऐकायचो. “लिव्हर म्हणजे टोलनाका,” त्या सांगायच्या. “गिळलेल्या गोळीला तिथे थांबावंच लागतं, आणि बरीचशी तिथेच खर्च होते. जिभेखाली ठेवलेली गोळी मागच्या गल्लीतून थेट रक्तात जाते. म्हणून छातीत दुखणाऱ्याला ती जिभेखाली देतात. गिळ म्हणालात तर नाक्यावर अडकेल, आणि पेशंट वाट बघत बसेल.” मला लिव्हर असं उतारवयात कळलं. टोलनाका अजून कळलेला नाही.

बाईंचं कंत्राट दर जूनमध्ये संस्थेच्या अध्यक्षांच्या सहीने वाढायचं. अध्यक्षांना सगळे साहेब म्हणत. असे साहेब तुमच्याही गावात असतील. नसले तर चौकातले बॅनर नीट बघा. त्या वर्षी बाईंना ती सही मनापासून हवी होती. “ही बॅच परीक्षेला बसवते,” त्या म्हणायच्या, “मग मी घरी बसते.”

मे महिन्यात आसपासच्या कंपन्यांमधल्या कामगारांसाठी धनुर्वाताच्या इंजेक्शनचं शिबिर ठरलं. पहिलं इंजेक्शन साहेब घेणार होते, फोटोसाठी. त्यांच्या खुर्चीमागे दहा फुटी बॅनर लावला होता. त्यावर साहेब हात जोडून उभे, आणि नावाच्या आगेमागे इतकी विशेषणं की मधलं नाव शोधावं लागत होतं. प्राचार्यांनी बाईंना सकाळीच बजावलं, “साहेबांना जास्त प्रश्न नकोत. जूनची सही बाकी आहे तुमची.”

इंजेक्शन द्यायला बाईंच्या वर्गातली, दिव्याहून लोकलने येणारी एक बारीक आवाजाची मुलगी होती. साहेबांनी बाही वर केली. फोटोग्राफरने कॅमेरा डोळ्याला लावला.

“सर, तुमचं नाव?” मुलीने विचारलं.

साहेब हसले. “अगं, मागे बघ ना.”

मुलीने मागे बघितलं नाही. “बॅनरला इंजेक्शन नाही द्यायचंय, सर. तुम्ही सांगा.”

प्राचार्यांनी बाईंकडे पाहिलं. “राहू दे गं,” एवढं बाईंनी म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं, सहीसुद्धा. बाई मुलीला म्हणाल्या, “उत्तर आलेलं नाही. थांब.”

साहेब उठले. “माझ्याच संस्थेत मला नाव विचारतात,” असं म्हणत ते गाडीकडे निघून गेले. मी अगदी शेजारी उभा होतो. सुई दिसल्यापासून त्यांच्या कपाळावर घाम फुटला होता. अपमान त्यांच्या मदतीला अगदी वेळेवर धावून आला.

जूनमध्ये सही झाली नाही. बाईंच्या जागी आलेल्या सरांनी छापील नोट्स वाटल्या. मुली त्या पाठ करू लागल्या आणि समजून घ्यायला दर रविवारी बाईंच्या घरी जाऊ लागल्या.

एका रविवारी मीही गेलो. बाहेरच्या खोलीत मुली सतरंजीवर दाटीवाटीने बसल्या होत्या आणि कॉटच्या कडेला साहेब, एकटेच, मांडीवर औषधांची पिशवी घेऊन.

“आईला सारखी चक्कर येते,” ते सांगत होते. “दोनदा पडली. दोन डॉक्टर झाले. प्राचार्य म्हणाले, एकदा मॅडमना दाखवा.”

बाईंनी पिशवी वर्तमानपत्रावर रिकामी केली आणि एक पट्टी त्यांच्या हातात दिली. “वाचा.”

साहेबांनी नाव वाचलं.

“ते कंपनीने ठेवलेलं. त्याच्याखालचं बारीक वाचा.”

साहेबांनी चष्मा शोधला. “ॲम... लो... डिपिन.”

“आता ही दुसरी.”

दिव्याच्या मुलीच्या आधीच लक्षात आलं होतं. तिने तोंड उघडलं तशी बाईंनी डोळ्यांनीच तिला गप्प केलं. साहेब अक्षरावर बोट ठेवून वाचत गेले आणि मध्येच थांबले.

“हे तर तेच आहे.”

“बीपीचं. बीपी फार उतरलं तरी चक्कर येते. दोन्ही रोज देता?”

“मीच देतो. सकाळी, माझ्या हाताने.”

बाईंचा आवाज जरा खाली आला. “मनाने काही बंद करू नका. आत्ता डॉक्टरांना फोन लावा, दोन्ही पट्ट्या वाचून दाखवा, आणि सांगतील तसं करा.”

साहेबांनी तसं केलं. फोन ठेवल्यावर त्यांनी कपाळ पुसलं आणि पिशवीतल्या उरलेल्या पट्ट्यांकडे पाहिलं. बऱ्याच होत्या. सहीचा विषय दोघांनीही काढला नाही. साहेबांनी तिसरी पट्टी उचलली, ते कॉटवरून उतरले आणि उजेडासाठी खिडकीजवळ जाऊ लागले.

बाई मुलींना म्हणाल्या, “जरा सरकून बसा गं. त्यांना वेळ लागेल.”