मल्हारच्या होड्या

कवठे महांकाळजवळच्या पठारावर पवनचक्क्यांना कुंपण पडलं आणि मल्हार गडदेच्या मेंढरांची पाण्याची वाट बंद झाली. दहा वर्षं तो वाटेसाठी अर्ज करत होता. परवा समुद्रातल्या पवनचक्क्यांचं धोरण ठरवणारे साहेब, समुद्रात अजून एकही चक्की नसल्यानं, पाहणीला या पठारावरच आले. म्हणाले, “चक्क्यांमधून होड्यांना वाट सोडणार.”

“आन् मेंढरांस्नी वो?” मल्हारनं विचारलं.

“धोरणात होड्याच आहेत.”

दुसऱ्या दिवशी मल्हारनं खुणेच्या गेरूनं प्रत्येक मेंढराच्या पाठीवर ‘होडी’ लिहिलं आणि कळप फाटकाशी नेला.

“हे काय रं?” वॉचमननं विचारलं.

“होड्या हायत. सोड गड्या.”

वॉचमननं साहेबांना फोन लावला. साहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “परवाना आहे का होड्यांचा?”

मेंढरं अजून वळसा घालूनच पाण्यावर जातात. मल्हार परवान्याचा अर्ज लिहितोय.