बर्फाचे टायर

सैन्यातून निवृत्त झाल्यावर बाबांनी लिलावात एक जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घेतली. गाडी एवढी अवाढव्य की ती गल्लीत वळताना भाजीवाला आपला ठेला मुकाट्याने मागे घ्यायचा. आम्ही मूळचे साताऱ्याचे, पण बाबांची शेवटची नेमणूक लखनौला झाली आणि माझं कॉलेज तिथेच सुरू झालं, म्हणून आम्ही तिथेच राहिलो होतो.

आईला बर्फ बघायचा होता. बाबांच्या नोकरीतली बर्फाची ठिकाणं सगळी एकट्याने राहायची. ते तिकडे असले की आई मला घेऊन साताऱ्यात थांबायची. "इतकी वर्षं तुम्हाला ज्याने ठेवून घेतलं, तो एकदा मला बघू तरी द्या," ती म्हणाली.

"डिसेंबरात जाऊ. जोशीमठच्या वर," बाबा म्हणाले. "पण आधी टायर."

नोकरीत असताना एकदा त्यांच्या डोळ्यांदेखत पुढचा ट्रक गोठलेल्या वळणावरून अलगद घसरून दरीत गेला होता. त्यात त्यांच्या तुकडीतली माणसं होती. हे त्यांनी घरात एकदाच सांगितलं होतं, तेही जेवता जेवता, खाली मान घालून. त्यामुळे टायरच्या बाबतीत आम्ही दोघी गप्प बसायचो.

चिनहटच्या पुढे फैजाबाद रोडवर ट्रकच्या टायरांचं एक दुकान होतं. मी बाबांबरोबर जायचे. दुकानदार एकेक टायर लोळवत पुढे आणायचा आणि बाबा नखाने रबर दाबून बघायचे. "हे थंडीत दगडासारखं होणार. बर्फावर मऊ रबर लागतं, आणि त्याला बारीक चिरा पाहिजेत," ते मला सांगायचे. रुंद, चकचकीत टायर त्यांनी नाकारले, कारण रुंद टायर बर्फावर तरंगतो, अरुंद असला तर तो कापत खाली जातो.

"सूबेदार साहब," दुकानदार हसून म्हणाला, "लखनऊ में बर्फ़ सिर्फ़ शरबत में पड़ती है. यही ले जाइए और टायर पर चेन बाँध लीजिए."

"मेरी बीवी बैठेगी इसमें," बाबा म्हणाले. दुकानदाराचं हसू मावळलं.

शेवटी मनासारखे टायर मिळाले, पण दोनच. पुढे एक जात आणि मागे दुसरी, हे बाबांना मान्य नव्हतं. अशी गाडी वळणावर घसरून गरकन फिरते, म्हणाले. उरलेले दोन दिल्लीहून मागवले. डिसेंबर गेला. जानेवारीत धुक्यात समोरचं घर दिसेना. आईने माझे लोकरी मोजे स्वतःसाठी रफू करून ठेवले होते. टायर आले तेव्हा दारात मुलं होळीचे रंग खेळत होती.

"पुढच्या वर्षी," बाबा म्हणाले. "पहाड काय पळून जातोय?"

त्या पावसाळ्यात आईला जिना चढताना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी हृदयाची झडप खराब असल्याचं सांगितलं. औषधं लिहून दिली आणि उंचावर जायची मनाई केली. बाबांनी पुन्हा पुन्हा विचारलं, "थोड्या उंचीवर? एकच दिवस?" डॉक्टर नकारार्थी मान हलवत राहिले.

"तुम्ही दोघं जाऊन या," आई म्हणाली. बाबा गेले नाहीत. डोंगरासाठी घेतलेले टायर आईला हजरतगंजला तपासणीसाठी नेण्यात झिजू लागले. डांबरी रस्त्यावर त्यांचा घूं घूं आवाज यायचा. आई पुढच्या सीटवर शाल गुंडाळून बसायची.

पुढे मी मैत्रिणींबरोबर जोशीमठच्या वर औलीला गेले. भाड्याची जीप, साधे टायर, चेन बांधलेली, आरामात पोहोचलो. परत आल्यावर आईने सगळं विचारून घेतलं. पाय टाकला की आवाज होतो का? वास असतो का? मी नेहमीसारखी अर्धं हिंदीत सांगत होते. बाबा खिडकीशी उभे होते.

"चेन बांधून गेलो असतो तर चाललं असतं," ते एकदम म्हणाले.

"असू दे हो आता," आई म्हणाली.

"नाही, चाललं असतं. त्याच हिवाळ्यात."

आईने मला म्हटलं, "चहा टाक जरा." मी उठले.

त्या उन्हाळ्यात बाबांनी गाडी विकायला काढली. घ्यायला आलेला माणूस टायरांपाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "ये तो बर्फ़ वाले हैं. लखनऊ में किसलिए?"

बाबा बोनेट पुसत राहिले. दारात खुर्ची टाकून बसलेल्या आईनेच उत्तर दिलं, "पहाड़ जाना था, भैया."